ओहोटीची वाळू, तिसऱ्या आणि आपली प्रकृती

उमरीच्या माणसाला समुद्र भेटतो तो प्रवासातच. आपल्या तालुक्याला गोदावरीचा शेजार आहे. तिच्या वाळूतले शिंपले आपण लहानपणी खेळायला गोळा केले, पण बहुतेकांच्या घरी ते चुलीपर्यंत कधी पोहोचले नाहीत. अलीकडे मुले-सुना सुट्टीत आजी-आजोबांना कोकणात नेतात, कुणाला परदेशी लेकाकडे जाण्याचा योग येतो, आणि ओहोटीच्या वाळूत शिंपले वेचण्याचा आनंद साठीनंतर प्रथमच वाट्याला येतो. तो जरूर घ्यावा. मात्र त्याला नियम आहेत. काही सरकारचे, काही समुद्राचे आणि काही आपल्या प्रकृतीचे. ते जाणून घेऊनच वाळूत उतरावे.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्राला मिळते, ती भाट्याची खाडी. पाणी ओसरले की तिथे ओल्या वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि टोपल्या घेतलेल्या स्त्रिया त्यांवर उतरतात. अनवाणी पावलांनी वाळू चाचपत, हातांनी ती उकरत त्या तिसऱ्या काढतात. कोकणात या जीवांना जातीप्रमाणे नावे आहेत : तिसऱ्या, मुळे, खुबे, आणि खडकाला चिकटलेली ती कालवे. आपल्याला सारे शिंपलेच दिसतात. तिथल्या बाईला मात्र बोटांच्या स्पर्शाने जात कळते.

या कामाचे घड्याळ चंद्राच्या हाती असते. पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती पूर्ण होते, अष्टमीला सहाच्या सुमारास. तेथून साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा पाणी दूरवर ओसरते, पण परतते तेही जोराने. हा हिशोब ढोबळ आहे, म्हणून स्थानिकांना वेळ विचारूनच उतरावे आणि पाणी वळताच काठ गाठावा. चिखलात रुतलेला पाय सत्तरीत चटकन निघत नाही.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा अधिनियम १९८१ चा आहे. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हाताने तिसऱ्या वेचणारा या बंदीत येत नाही. म्हणूनच त्याचा विवेक अधिक महत्त्वाचा ठरतो. अविवेकाचे फळ केरळातील अष्टमुडी सरोवराने पाहिले आहे. १९९० नंतर तिथे तिसऱ्यांचा उपसा इतका वाढला की उत्पन्न झपाट्याने घसरले. मग नियम झाले : डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात वेचणी बंद, जाळ्याची भोके ठरावीक मापाहून लहान नकोत, यंत्राने उपसा नको. साठा सावरला, आणि २०१४ साली या मत्स्यव्यवसायाला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते प्रथमच. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या लावीत, तो जीव आज वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. चिखलीच्या खाडीत तो दिसला तर हात लावू नये. एरवीही बारीक शिंपले परत वाळूत सोडावेत आणि मूठभरावर समाधान मानावे; आपली ती मौज असते, टोपलीवालीचा तो दिवसाचा रोजगार.

जे नातवंडांकडे अमेरिकेत जातात, त्यांना हा छंद कडक शिस्तीत दिसेल. सिअॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला शिंपले काढण्याचा परवाना लागतो. प्रत्येकाचे भांडे वेगळे हवे. आजोबांचे शिंपले नातवाच्या भांड्यात चालत नाहीत. ‘रेझर क्लॅम’ नावाचे लांबट शिंपले असतील तर पहिले पंधरा, लहान असोत की फुटके, मोजून घ्यावेच लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वी तो किनारा आरोग्य विभागाने खुला ठेवला आहे ना, हे पाहावे लागते.

ही शेवटची अट वैद्यकीय आहे, आणि ज्येष्ठांसाठी सर्वांत मोलाची. शिंपला पाणी गाळून जगतो. त्यामुळे पाण्यातले जंतू आणि विषारी शेवाळ त्याच्या देहात साठतात. १९८८ साली शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपले खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. शिजवण्याने जंतू मरतात. शेवाळाचे विष मात्र उकळूनही जात नाही. १९८७ साली कॅनडात अशा विषाने शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, आणि ज्यांची स्मृती गेली त्यांत वृद्धांचे प्रमाण अधिक होते. आपल्याकडे १९९७ साली केरळच्या विळिंजम येथे दुसऱ्या एका विषाने सात जण दगावले. पाण्याचा रंग बदललेला असेल, मासे मरून पडले असतील, जवळ सांडपाणी येत असेल, तर तिथले शिंपले खाऊ नयेत. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्धोक, असेही नाही. स्थानिक मच्छीमार खात नसतील तर आपणही खाऊ नयेत.

मधुमेही आणि यकृताचे विकार असलेल्यांनी आणखी दक्ष राहावे. खाऱ्या पाण्यातील काही जंतू लहानशा जखमेतून शिरतात आणि अशा रुग्णांत काही तासांत जिवावर बेततात. पायाची संवेदना कमी झालेल्यांना शिंपल्याची धार लागल्याचे कळतही नाही. स्थानिक बाई अनवाणी चालते म्हणून आपण चालू नये. बंद, घट्ट बसणारे बूट घालावेत. पायावर आधीच जखम असेल तर काठावर खुर्ची टाकून नातवंडांची गंमत पाहावी.

सोबत जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ज्येष्ठांना एकटे उतरू देऊ नये. परतल्यावर त्यांचे तळवे व बोटांच्या फटी उजेडात तपासाव्यात. खरचटले असल्यास साबण व स्वच्छ पाण्याने धुवावे, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. जखमेभोवती लाली, सूज किंवा फोड वाढू लागले, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून वाळू काढावी. टिचकी मारूनही न मिटणारी शिंपली शिजवण्यापूर्वीच टाकावी आणि शिजूनही न उघडलेली खाऊ नये. वातरक्ताचा त्रास वा शिंपल्यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी हा पदार्थ टाळावा. खाल्ल्यानंतर ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत क्षणही न घालवता रुग्णालयात न्यावे. या विषाला उतारा नाही, पण वेळेवर श्वासाला आधार मिळाल्यास रुग्ण वाचतो.

निघण्यापूर्वी आपली औषधे, तिथी आणि पायांचे तळवे एवढे तिन्ही पाहून घ्या. मग भाट्याच्या वाळूत निर्धास्त उतरा.