अडणारा आकडा बरा

मजकुराच्या यादीचे आकडे करायला पायथनमध्ये एक ओळ पुरते: यादीवर ‘मॅप’ने ‘इंट’ फिरवायचं. शिकवताना मात्र मी ती ओळ मागे ठेवतो आणि आधी न बदललेली यादी चढत्या क्रमाने लावायला सांगतो. ‘१००’, मग ‘२५’, मग ‘९’ असा क्रम येतो आणि मुलं चक्रावतात. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, तिला किमतीशी देणंघेणं नसतं. ‘१०’ आणि ‘२०’ यांची बेरीजही ‘१०२०’ भरते.

खरं काम सुरू होतं ते माणसांनी भरलेले तक्ते आले की. ‘१,२५,०००’, ‘४५०/-’, ‘निरंक’, आडवी रेघ, आणि काही रकाने कोरेच. पायथनचं ‘इंट’ आजूबाजूची मोकळी जागा खपवून घेतं. देवनागरी ‘४२’ही बिनतक्रार स्वीकारतं, कारण युनिकोडमध्ये या चिन्हांची दशमान अंक म्हणून नोंद आहे. पण स्वल्पविराम दिसला की ते थांबतं आणि ‘व्हॅल्यूएरर’ देतं. हे अडणं मला आवडतं.

जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ अडत नाही. इंग्रजी अंकांत लिहिलेल्या त्याच सव्वा लाखातून ते पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचतं आणि निमूटपणे एक हातात ठेवतं. तीनदा ‘१०’ असलेल्या यादीवर ते ‘मॅप’ने फिरवलं, तर दहा, ‘नॅन’ (म्हणजे ‘आकडा नाही’) आणि दोन मिळतात. जावास्क्रिप्टचा ‘मॅप’ प्रत्येक घटकासोबत त्याचं स्थानही पाठवतो आणि ‘पार्सइंट’ त्यालाच अंकपद्धतीचा पाया समजतं. पाया शून्य आला तर नेहमीचं दशमान वापरलं जातं, एक हा पाया चालत नाही, आणि द्विमानात ‘१०’ म्हणजे दोन.

सगळ्यात नाजूक प्रश्न कोऱ्या रकान्याचा. ‘निरंक’ लिहिणाऱ्याने पाहून शून्य सांगितलेलं असतं. कोरा सोडणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ कोऱ्या मजकुराचं शून्य करतं आणि सरासरी खाली ओढतं. पायथनच्या ‘पांडाज’ या लायब्ररीला न जमणाऱ्या नोंदी ‘नॅन’ करायला सांगितलं, तर सरासरी काढताना त्या वगळल्या जातात. दोन्हीकडे उत्तर येतं, तक्रार येत नाही. म्हणून बेरजेसोबत मी न बदललेल्या नोंदींची यादीही छापतो आणि तक्ता भरणाऱ्याला दाखवतो. रेघेचा अर्थ तोच सांगू शकतो.

आणि काही रकान्यांना हातच लावू नये. बँकेच्या खातेक्रमांकाचा आकडा केला की सुरुवातीची शून्यं गळतात आणि खातं सापडेनासं होतं. तिथे माझी कसोटी सोपी आहे: या रकान्याची बेरीज कधी कुणाला लागेल का? लागणार नसेल, तर ते अंक दिसले तरी मजकूरच आहेत.