कपाट आणि पेटारा

आमच्या जत्रेत दशावतारी यायचे ते पेटारा घेऊन. आत कपडेपट, रंग आणि गणपतीचा मुखवटा. त्याची पूजा झाल्याशिवाय नाटक उभं राहायचं नाही. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री विष्णू होतो, याचं आम्हा पोरांना नवल नव्हतं.

त्यामुळे मुंबईत कॉलेजात असताना पदपथावर घेतलेल्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मधली मुलं कपाटातून बर्फाळ नार्नियात शिरली, तेव्हा मनात आलं, शिरतील की! अडलो ते पुढे. भावंडांशी दगा केलेल्या पोरासाठी अस्लान हा सिंह जीव देतो आणि पहाटे परत उठतो. मालवणात आमच्या शेजारी ख्रिस्तांव घरं होती. त्यांचा गुड फ्रायडे आणि ईस्टर मी लहानपणापासून पाहिलेला. नृसिंह खांबातून येतो तो मारायला; हा सिंह मरायला आला होता.

लेखक सी. एस. लुईस मूळचा बेलफास्टचा. दहाव्या वर्षाआधीच, १९०८ साली, त्याची आई कर्करोगाने गेली. पुढे पोरवयातच तो नास्तिक झाला. १९३१मध्ये ऑक्सफर्डला टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी उत्तररात्रीपर्यंत गप्पा झाल्या आणि काही दिवसांनी, भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमधून प्राणिसंग्रहालयाकडे जाताना, तो ख्रिस्ताला मानू लागला. नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६मधली. पण त्यांची सुरुवात धर्मापासून झाली नाही, असं तो सांगे. बर्फाळ रान आणि त्यात छत्री नि पुडकी घेऊन चाललेला बोकडाच्या पायांचा फॉन, हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात होतं. सिंह मागाहून आला. मला हे पटतं. शिकवायला बसलेल्या माणसाला अशी छत्री सुचत नाही.

टॉल्किनला मात्र नार्निया रुचलं नाही. फॉन आणि सांताक्लॉज एकाच गोष्टीत, ही भेसळ त्याला खपेना. आमच्या जत्रेत त्याचं कसं व्हायचं! तिथे वेद चोरणारा संकासुर मालवणीतून टिंगल करतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो.

शेवटचं ‘द लास्ट बॅटल’ मला जड जातं. तिथे गोष्टीपेक्षा श्रद्धा पुढे धावते. कपाटातून शिरलेल्या त्या भावंडांपैकी, लिपस्टिक आणि पार्ट्यांत रमलेली सुझन अस्लानच्या देशाबाहेरच राहते. माझी भाची यावर भयंकर चिडली. सुझनला सुधारायला अजून वेळ आहे, ती तिच्या वाटेने तिथे पोचेलही, असं लुईसने एका मुलाला पत्रातून कळवलं होतं, हे मी तिला सांगितलं.

“मगे पुस्तकात कित्याक नाय लिवल्यान?” भाचीने विचारलं.