भारमान शून्य

रिकामी गाडी फिरवणाऱ्या माणसाची मला आयुष्यभर चीड होती. माझी सगळी नोकरी कळंब आगारात एसटीचा ड्रायव्हर म्हणून झाली, आणि तिथं ड्रायव्हरची पत दोन आकड्यांवर ठरते. एक भारमान, म्हणजे गाडी किती भरली. दुसरा केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये ती किती किलोमीटर पळाली. पहिला आकडा खाली आला की फेरी बंद व्हायची धास्ती, दुसरा आला की साहेबांपुढं उभं राहायची. असल्या हिशेबात मुरलेल्या माणसाला येडशीच्या घाटात कार बाजूला लावून डोंगराकडं तोंड करून उभी असलेली माणसं दिसली, तर त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार? मी हॉर्न मारायचो आणि कंडक्टरला म्हणायचो, "ह्यांना घरी काही काम नाही."

येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या सुमाराला येडेश्वरीची यात्रा भरते. चुनखडी वेचायला लाखांनी माणूस येतं, जादा गाड्या सुटतात, आणि बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्यानं येतात. ते खरं गाडी चालवणं, असं माझं मत. निघाली तिथंच परत आली, मधे कुणी चढलं नाही की उतरलं नाही, असली फेरी म्हणजे डेड किलोमीटर. मग पदरचे पैसे घालून डेड किलोमीटर करणाऱ्याला शहाणं कसं म्हणायचं?

हे मत आता तसं राहिलेलं नाही. पुरतं पालटलं असंही म्हणवत नाही. जेवढं बदललं तेवढं सांगतो.

मुलगी आणि जावई स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो, तेव्हा मुलीनं स्काय नावाच्या बेटाचा बेत आखून ठेवला होता. बेट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, ग्लासगोपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

"तिथं देऊळ कुठलं आहे?" मी विचारलं.

"देऊळ नाही, अप्पा."

"बाजार? कुणी ओळखीचं?"

"कुणी नाही. आपल्या गाडीनं समुद्राकडेनं गोल फिरायचं आणि परत यायचं."

झालं. म्हटलं, टूरची बस असेल की. तर होती, गाईडसकट होती. माझा जीव तिच्यात अडकला. चाळीस माणसं, एक इंजिन, एकच जाणता माणूस बोलणार आणि बाकीचे ऐकणार. हा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. पण आमची मंडळी, जी एरवी प्रवासाच्या बाबतीत काही बोलत नाही, ती या वेळी बोलली. "त्या गाईडच्या वेळेवर मला चढउतार जमायची नाही. माझ्या गुडघ्यांना विचारून गाडी थांबली पाहिजे." पस्तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना घड्याळ दाखवून गाडीत चढवलेल्या माणसाला यावर बोलायला जागा नव्हती.

बेटावर जायला पूल आहे. तो १९९५ साली झाला, त्याआधी फेरीबोट होती. पूल खाजगी पैशातून बांधला आणि टोल इतका जबर ठेवला, की तिथल्या लोकांनी भरायचं नाकारलं. खटले अंगावर घेतले, पण हटले नाहीत. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं पूल विकत घेतला आणि टोल उठला. जावयानं हे पुलावरच सांगितलं. पाहायच्या आधीच बेटाबद्दल आपुलकी वाटायला एवढं पुरे झालं.

बेटाचं मुख्य गाव पोर्ट्री. तिथून उत्तरेला ट्रॉटर्निश नावाचं टोक समुद्रात घुसलंय आणि त्याला वळसा घालून रस्ता पुन्हा पोर्ट्रीला येतो. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा फेरा. जावई चालवत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला. वाहन तिथंही डाव्या बाजूनंच चालतं, त्यामुळं माझा उजवा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर जायचा.

वरच्या अंगाला आणि डोंगर ओलांडताना रस्ता एकेरी होतो. एका गाडीपुरतं डांबर. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट काढलेलं असतं आणि तिथं पासिंग प्लेस अशी पाटी. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, त्यानं थांबायचं. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर आपण पलीकडं जायचं नाही, आपल्याच बाजूला तिच्यासमोर उभं राहायचं, म्हणजे समोरचा तिच्यात वळून निघून जातो. मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथंच वाट द्यायची. फोटोसाठी तिथं गाडी लावून जायला मनाई.

एका चढावर समोरच्या पिकअपवाल्यानं डिपर मारला. मी जावयांना म्हणालो, "थांबा, तो येतोय." ते हसले. "मामा, तो या म्हणतोय." आपल्याकडं डिपर म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. तिथं त्याच दिव्याचा अर्थ ‘तू ये, मी थांबलोय’. आम्ही पुढं गेलो तेव्हा त्या माणसानं स्टिअरिंगवरून हात न काढता नुसती चार बोटं वर केली. मला कबूल करायला हरकत नाही, की बेटावरची पहिली पाहण्यासारखी गोष्ट मला ही वाटली. मुलगी मागून ‘अप्पा, उजवीकडं समुद्र बघा’ म्हणत होती आणि मी बोटं मोजत होतो: कोण वर करतो, कोण करत नाही.

पण रस्ता मी चालवत नव्हतो, त्यामुळं किती वेळ रस्ताच बघणार? ड्रायव्हरला शंभर-दीडशे मीटरचं डांबर दिसतं, आरसे दिसतात, आडवं येणारं ढोर दिसतं. मुलूख दिसायची वेळ येत नाही. डावीकडं डोंगराची लांबच लांब रांग उभी होती आणि तिच्याकडं बघता बघता मला ती ओळखीची वाटायला लागली. वर सपाट, कडेला तुटलेली, आणि तुटलेल्या कडेवर एकाखाली एक आडवे थर. हे तर आपलं बालाघाट! हिरवं गवत पांघरलेलं आणि पायाशी समुद्र असलेलं, एवढाच फरक.

स्टॉर नावाच्या डोंगराखाली गाडी लावली. तिथं पन्नास मीटरच्या आसपास उंचीचा एक सुळका उभा आहे, तो जगभर फोटोतून गाजलेला. मी अर्ध्या वाटेपर्यंत चढलो आणि एका दगडाशी बसलो. काळसर करडा, हाताला खरखरीत. त्यात बारीक बारीक भोकं, आणि काही भोकांत पांढरी चकचकीत खडी बसलेली. कळंबकडं विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. वडलांच्या विहिरीवर मी लहानपणी मांजऱ्यातली ही असलीच पांढरी खडी वेचून खिसे फाडलेले आहेत. दगड मुलीला दाखवला. तिनं फोनवर वाचून सांगितलं: हा लाव्हारसाचा खडक, सहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या दख्खनचा त्याच जातीचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. दोन्हीकडं थरावर थर ओतून डोंगर झाले.

गाईड असता तर त्यानं आम्हाला राक्षसाच्या सुळक्याची गोष्ट सांगितली असती, शिट्टी वाजवली असती आणि वीस मिनिटांत बसमध्ये घातलं असतं. त्याचा दोष नाही, मीही तेच केलं असतं. कळंबचा माणूस एका दगडावर किती वेळ बसेल, हे कुठल्या वेळापत्रकात धरतात?

पुढं किल्ट रॉकच्या कठड्याला गर्दी होती. खांब उभे केल्यासारखा कडा आणि शेजारून थेट समुद्रात पडणारा धबधबा. फोटोत असतो तसाच आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला खांबांचं नवल वाटत नाही. तिथं आम्ही फार थांबलो नाही.

थांबलो ते फ्लॉडिगॅरीजवळ, आणि तेही माझ्यामुळं. डांबरावर ठिगळं दिसली, कडेला भेग, थोडं पुढं रस्ता एका अंगाला बसलेला. इतक्या नेटक्या देशात असा रस्ता बघून मला आत कुठंतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कारण कळलं. या डोंगरात लाव्हाचे जड थर वर आहेत आणि त्यांच्याखाली जुने, मऊ, चिखल-वाळूचे खडक. वरचं वजन खालच्याला पेललं नाही, आणि रांगेची अख्खी कड समुद्राकडं घसरत आली. ब्रिटनमधली ही सगळ्यात मोठी दरड मानतात. स्टॉरचा सुळका, त्यापुढचे क्विरांगचे कडे, ज्यांच्यासाठी लोक विमानानं येतात, ते सगळं या दरडीचंच उरलंसुरलं. क्विरांगची घसरण अजून थांबलेली नाही, त्यामुळं तिच्या पायथ्याचा हा रस्ता दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. मी खाली उतरून त्या भेगेशेजारी बराच वेळ उभा राहिलो. सगळे समुद्राचे फोटो काढत होते, मी डांबराचा काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि आगारातल्या मंडळींना मी तोच आधी दाखवतो.

वळसा घालून पश्चिमेला किलमुरला आलो. तिथं जुनी गवती छपराची दगडी घरं राखून म्युझियम केलंय. छपरं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दोरांना दगड बांधून खाली सोडलेले. आपल्याकडं पत्र्यावर दगड ठेवतात, तसंच. आत चूल, पाळणा, हातमाग. ही कुळांची घरं. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसायला लागला आणि त्यांनी माणसं उठवली. गावंच्या गावं जहाजात बसून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. १८८२ साली पोर्ट्रीच्या दक्षिणेला ब्रेज इथं कुळांनी बेदखलीच्या नोटिसा जाळल्या. ग्लासगोहून पोलीस आले, तेव्हा बायामाणसांनी दगडांनी त्यांना झोडपलं. पुढच्या वर्षी सरकारी आयोगानं पहिली सुनावणी त्याच ब्रेजमध्ये घेतली, आणि १८८६ च्या कायद्यानं कुळाला जमिनीवरून सहजासहजी उठवता येईना. आमच्या मराठवाड्याला हैदराबादचा कुळकायदा मिळाला १९५० मध्ये. हिनं पाळण्याला हात लावून विचारलं, "ही माणसं पुन्हा माघारी आली का?" मुलगी म्हणाली, बहुतेक नाहीत. मग तासभर गाडीत कुणी फारसं बोललं नाही. कळंबच्या स्टँडवरून पुण्याच्या गाडीत पोरं बसवून देणाऱ्या आईबापांना तो प्रश्न नवा नाही, आणि आमची पोर तर मागच्या सीटवरच होती.

तर मत बदललं ते एवढंच. नोकरीत मी या तालुक्यातल्या प्रत्येक रस्त्याचे खड्डे पाठ केले, पण गाडी माझ्या मनानं कुठंही थांबवली नाही. विनंती थांबा असायचा, तोही प्रवाशाच्या विनंतीसाठी, ड्रायव्हरच्या नव्हे. घाटात उभी असलेली ती माणसं मला रिकामटेकडी वाटायची, त्यात थोडा मत्सर असला पाहिजे. त्यांना थांबता येत होतं. थांबल्यावर काय दिसतं, याची मला कल्पना नव्हती.

बाकीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. त्या एकेरी रस्त्यावर उन्हाळ्यात घराएवढ्या कॅम्परव्हॅन येतात, मागं घेता येत नाहीत, आणि स्थानिक बस त्यांच्यामागं रखडते. त्याच वळशाला पोर्ट्रीहून बस आहे बरं का. तिच्या ड्रायव्हरचा चेहरा मी पासिंग प्लेसमधून पाहिला. तो चेहरा मला परका नव्हता, घाटात हॉर्न मारणारा मीच. पाहुण्यानं बघावं, पण वाटेतून बाजूला होऊन बघावं. आणि चार माणसांसाठी एक इंजिन हा हिशेब मला अजून टोचतो, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

परत आल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात आमच्या निवृत्त मंडळींपुढं मी एक प्रस्ताव ठेवला. कळंबहून येरमाळा, तिथून हायवेनं येडशी, रामलिंगाच्या दरीत उतरायचं, मग ढोकी, वाकडी वाट करून तेरला गोरोबाकाकांचं दर्शन आणि म्युझियममधली सातवाहनांच्या वेळची मातीची खेळणी, आणि ढोकीवरून परत कळंब. रामलिंगाला थरांचे कडे मी दाखवणार. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग ज्या कंडक्टरला मी घाटात ‘ह्यांना काम नाही’ म्हणायचो, तो म्हणाला, "कळंब ते कळंब? अहो, असं तिकीट मशीनमध्ये निघतच नाही."

दिवाळीनंतर जायचं ठरलंय. भाड्याची जीप, आठ माणसं, डिझेल सारखं वाटून. त्यानं टप्पे मोजून माणशी आकडाही काढून ठेवलाय, तेरच्या वाकड्या वाटेचे जादा धरून.