होडीवरचं पाणी

सेमिनारला मी विषय घेतला, होडीवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र कसं निवडायचं. भंडाऱ्याचा मुलगा आणि समुद्र! रूम पार्टनर यथेच्छ हसले.

समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आरओच्या मेम्ब्रेनमधून ते पाणी ढकलायला ५५-६० बार प्रेशर लागतं. आपल्या कुकरची शिट्टी जेमतेम १ बारला होते. म्हणजे खरी अडचण पॉवरची. इंजिनावरचा पंप पाणी भरपूर देतो, पण डिझेल खातो. हातपंप तासाला फार तर चार-पाच लिटर देतो, पण बाकी सगळं बंद पडलं तरी चालतो. मी ठरवलं, बॅटरीवरचा छोटा पंप घ्यावा आणि हातपंप सोबत असू द्यावा.

दिवाळीत हे सगळं आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात ते मासे धरतात. डोंग्यात जाळं, आणि प्यायला घरच्या पाण्याचा कॅन! कारण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं.

"आमी लहानपनी ओंजळीनं पेत होतो गा," काका म्हणाले. "तुया मशीनीनं हे साफ होते का?"

मी ऐटीत टीडीएस मीटर बुडवला. आकडा आमच्या होस्टेलच्या बोअरपेक्षा कमी! आता मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू त्याला दिसत नाहीत. शिवाय असल्या गाळाने मेम्ब्रेन लवकर चोंदतं. पण हे सांगायच्या आधीच मी आकडा मोठ्याने वाचून बसलो होतो.

"मंग पे ना, बाबू," काका म्हणाले.

मी कॅनकडे हात नेला.