साहेबांना काय सांगायचं

पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुकं उतरलं की देवी पॉइंटवरून दरी दिसत नाही आणि गाविलगडाची तटबंदीही दिसत नाही. पर्यटक त्या धुक्यासाठीच परतवाड्याहून घाट चढून येतात. वनप्रशिक्षण संस्थेतली पोरं-पोरी मात्र त्याच धुक्यात कवायत करतात, पानावरून झाड ओळखायला शिकतात, वनगुन्ह्याचा रिपोर्ट लिहायला शिकतात. मीही तिथेच शिकले. वरिष्ठाला सलाम कसा करायचा ते तिथे पक्कं होतं. सलाम करून झाल्यावर साहेबांना काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मात्र नोकरीतच कळतं.

आमच्या वनखात्याची उतरंड साधी. बीटावर वनरक्षक, राउंडवर वनपाल, रेंजवर वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे आरएफओ, त्यांच्या वर एसीएफ, डीएफओ आणि शेवटी क्षेत्र संचालक. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेलं हे रान कोणताही अधिकारी एकट्याने पाहू शकत नाही. त्याला ते दिसतं बीटावरच्या माणसाच्या डोळ्यांनी. वनरक्षक म्हणून पहिल्या नेमणुकीत मला हे उमगलं आणि मनावरचं मोठं दडपण उतरलं. साहेबांना माझी गरज होती. त्यांच्यासमोर उभं राहायला एवढा आधार पुरेसा होता.

माझे पहिले वनपाल अचलपूरकडचे. आवाज खणखणीत, बोलणं अस्सल वऱ्हाडी. राउंडवर आले की चहाआधी माझी नोंदवही मागायचे आणि ओळीवर बोट ठेवून वाचायचे. एकदा नाल्याकाठच्या अस्वलाच्या विष्ठेच्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं.

"पोरी, हे तू सोता पाह्यलं का कोनी सांगतलं?"

विष्ठा मी पाहिली, ती अस्वलाची हे वनमजूर काकांनी ओळखलं, असं मी सांगितलं.

"मंग तसंच लिव. पाह्यलं तं पाह्यलं लिव, आयकलं तं आयकलं लिव. दोन्ही कामाचे हाये. पन एकाच्या जागी दुसरं आलं, का आपल्या बीटाचं काहीच खरं नाही राहत."

मी तसं लिहिलं. मग त्यांनी पेन घेऊन त्या ओळीत काकांचं नाव स्वतःच्या अक्षरात घातलं. काका कोरकू, सेमाडोहकडचे, आयुष्य त्या रानात गेलेलं. कागदावर एरवी ते 'एक मजूर' एवढेच असायचे. हाताखालच्याचं श्रेय वर पोचवणारा साहेब कसा असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यांच्या या काटेकोरपणाची किंमत मला रानपिंगळ्याने शिकवली. 1872 साली या घुबडाचा पहिला नमुना मिळाला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. 1884 नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्ये कर्नल माइनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकाने 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला तो मिळाल्याची नोंद केली होती. ती साफ खोटी निघाली. संग्रहालयातला दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्याने नवी चिठ्ठी लावली होती. त्या एका चिठ्ठीपायी शोधणारे वर्षानुवर्षं भलतीकडे भटकले. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोटी नोंद बाजूला काढली, खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशात शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे तो आमच्या मेळघाटातही आढळला.

तर एका सकाळी, चांगलं ऊन आलेलं असताना, वाळलेल्या सागावर मला एक ठेंगणं घुबड दिसलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे ठसठशीत. साहेबांना सांगितलं. "साधा पिंगळा असंन," असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी वेळ विचारली, झाड विचारलं, पक्षी काय करत होता ते विचारलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः आले. पक्षी काही दिसला नाही. तरी त्यांनी नोंद खोडली नाही. 'वनरक्षकाने पाहिले, खात्री बाकी' एवढं लिहून ती वर पाठवली. त्या चार शब्दांनी मला जे बळ दिलं ते एखाद्या प्रशस्तिपत्राने दिलं नसतं.

विश्वास असा जमतो आणि वणव्याच्या दिवसांत तो पणाला लागतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आमचा आगीचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि वाऱ्याने आग हाताबाहेर जाते. आता उपग्रहाला आग दिसली की अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश येतो. आपल्या बीटातली आग साहेबांना आभाळातून आधी कळावी आणि आपल्याकडून नंतर, याहून वाईट काही नाही. म्हणून आग दिसली की आधी वायरलेस: कुठे लागली, वारा कुठला, माणसं किती, ब्लोअर चालू आहे का. कोणी लावली, का लावली, ते विझल्यावर. वाईट बातमी ताजी सांगावी आणि तिच्यासोबत आपण काय करतो आहोत तेही सांगावं. बाकी बारीकसारीक गाऱ्हाणी, क्वार्टरचं गळकं छप्पर, रजेचा अर्ज, यांना मात्र साहेबांची वेळ बघावी. परतवाड्याच्या मीटिंगहून थकून आलेल्या माणसासमोर संध्याकाळी अर्ज धरू नये. सकाळी तोच माणूस शांतपणे वाचतो. ही लाचारी नव्हे, एकमेकांचं ओझं ओळखणं आहे. मर्जी सांभाळणारे लोक मीही पाहिले. साहेबांना आवडेल तेच ते बोलत, आणि अडचणीच्या वेळी साहेब त्यांना कधीच काही विचारत नसत.

पण हे सगळं लिहिताना मला मेळघाटातलं हरिसाल विसरता येत नाही. मार्च 2021 मध्ये तिथल्या तरुण वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाविषयी लिहिलं होतं. आमच्यातल्या कितीतरी बायका त्या दिवशी रडल्या. नव्या पोरींना 'साहेबांशी जुळवून घ्या' असं सांगताना माझी जीभ तेव्हापासून अडते. चांगलं नातं खालच्या माणसाच्या एकट्याच्या शहाणपणावर उभं राहत नाही. खरं बोलल्यावर शिक्षा होणार असेल तर खरं बोल, असं कोणाला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी त्यांना दुसरंही सांगते: अपमान सोसू नका, तारीख-वार लिहून ठेवा, आपल्या माणसांना सांगा, लेखी तक्रार करा, एका दाराने ऐकलं नाही तर दुसरं ठोठावा. माझे साहेब चांगले निघाले हे माझं भाग्य. एवढ्या मोठ्या खात्यात ते भाग्यावर सोडलेलं असू नये.

आता मी स्वतः राउंडवर आहे. गेल्या हंगामात फायर वॉचर कुठे बसवायचे याची यादी मी केली होती. वर्षभरापूर्वी रुजू झालेली वनरक्षक यादी हातात घेऊन क्वार्टरवर आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, हे मला पटत नाही. मोह वेचणारी माणसं जाळरेषेकडून येतच नाहीत. ती नाल्याच्या पायवाटेने येतात." मी विचारलं, तू पाहिलंस की कोणी सांगितलं? "वाट पाहिली. येण्याची वेळ गावातल्या बायांनी सांगितली." मी तिला बसवलं, नकाशा पसरला, दोघींनी मिळून वॉचर नाल्याकडे हलवले, आणि बदललेली यादी तिच्या नावासकट रेंजला पाठवली.