शाळेनं पडावावर जावं

शिक्षक घडवण्याच्या कामात माझं आयुष्य गेलं. त्यात एक मत मी वर्षानुवर्षं ठामपणे मांडत आले. मुलानं शाळेत यायला हवं आणि ते येत नसेल तर आईबापांची समजूत घालायला हवी. ऊसतोड मजुरांच्या तळावर, म्हणजे पडावावर, वर्ग भरवण्याचा विषय निघाला की मी विरोध करायचे. गरिबाच्या लेकरांना ताडपत्रीखालची शाळा कशासाठी? त्यांनाही पक्की खोली, फळा, बाक मिळायलाच हवेत, असं मला मनापासून वाटायचं. आज माझं मत ते राहिलेलं नाही.

आमच्या सुरतजवळच्या चलथाणला हा प्रश्न शोधत जावं लागत नाही. एकीकडे महामार्ग, दुसरीकडे उधन्याहून जळगावकडे जाणारी ताप्ती लाइन आणि गावाला सहकारी साखर कारखाना. दिवाळीच्या सुमारास डांगातून, नवापूर-नंदुरबारकडून तोडणीची माणसं येतात. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते, त्यामुळे नवराबायको दोघांनीही फडात उतरायचं. मुलं मागे ठेवायची कुणाकडे? तीही येतात. महाराष्ट्रातल्या मुलाचं नाव तिकडे मराठी शाळेच्या पटावर आणि मूल इकडे गुजरातीच्या मुलखात. सुरतेत उधना-लिंबायतला स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना महापालिकेच्या मराठी शाळा तरी आहेत. पडावावरच्या पोराला त्यांचा काय उपयोग?

एका हंगामात विद्यार्थिनींना घेऊन मी पडावावर गेले होते, तेही मुलांना शाळेत आणा असं सांगायलाच. एका पालापाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी झोळीला झोका देत बसली होती. जमिनीवर काडीनं रेघा ओढलेल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आईनं सांगितलेल्या मोळ्यांचा तो हिशेब होता. मुकादमाच्या आकड्याशी ती तो ताडून पाहायची. शाळेत का येत नाहीस, असं मी विचारलं. झोळीकडे बोट करून ती म्हणाली, "भाऊले कोन संभाळी?"

वर्गात हजेरी आणि गळती यांवर मी तास घेत आले होते. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

उत्तर होतं ते ताराबाई मोडकांकडे आणि मी तेच शिकवत होते, परीक्षेपुरतं. ताराबाई म्हणजे राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ते पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढे दादरला शिशुविहार चालवलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण 1945 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस आणि मग गाणी-गोष्टी. साधनं म्हणून शिंपले, बिया, खडे. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली आदिवासींची मुलं गुरांमागे जात, म्हणून शिक्षक कुरणात गेला. ती कुरणशाळा. धाकट्यांना सांभाळायला थोरली बहीण घरी अडकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ती विकासवाडी. त्या मुलीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हेच, आणि ते आमच्या याच पट्ट्यात, रेल्वेनं काही तासांवर, कधीच देऊन झालेलं होतं.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. वर्गात मी हे सन्मान आधी सांगायचे, काम नंतर. आता कुरणशाळेपासून सुरुवात करते. शिक्षणातलं नेतृत्व म्हणजे मोठं पद, समित्या, अहवाल, अशी माझी समजूत होती. पण ताराबाईंचा प्रवास बघा. प्राचार्यपदापासून दादर, दादरहून बोर्डी, बोर्डीहून कोसबाड. प्रत्येक वेळी त्या मुलाच्या आणखी जवळ गेल्या.

माझी जुनी शंका मात्र पुरती गेलेली नाही. पडावावरची शाळा म्हणजे कमअस्सल शाळा, असं होण्याचा धोका खरा आहे. ताडपत्री आणि मानधनावरची एक ताई एवढ्यावर सरकार मोकळं होऊ शकतं. म्हणून माझा आग्रह आहे तो पाळण्याचा आणि चांगल्या शिक्षकाचा. झोळीतल्या भावासाठी जागा असेल तर बहीण पाटी हातात घेईल. आणि तिथे उभं राहणारं माणूस अहिराणी, भिली समजणारं, उत्तम तयारीचं हवं. नवशिकं पाठवून भागणार नाही. छात्राध्यापकांचे सरावपाठ पडावावर व्हावेत आणि त्यांचे गुण वर्गातल्या पाठाइतकेच धरावेत, असं मी आता प्रत्येक बैठकीत मांडते. शाळेची वेळ गाड्या भरून माणसं परततात त्याप्रमाणे ठरवावी. हंगाम संपल्यावर शिकल्याची नोंद मुलासोबत गावच्या शाळेत पोचावी, नाहीतर जूनमध्ये ते पुन्हा पहिल्या पानावर बसतं. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यात दोन राज्यांची दप्तरं येतात. त्याच्यामागे मी सध्या लागले आहे.