मोत्याचा झाला मुत्तू

2009 साली ह्यांची बदली चेन्नईला झाली, तेव्हा मी चक्क रडले होते. पुण्यातलं घर, माझी भिशी, शेजारणी, सगळं सोडून निघायचं. तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिलं वर्ष तर मी अड्यारच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलून काढलं म्हणा ना! हे ऑफिसला, मुलगा शाळेत आणि मी खिडकीत.

कुत्र्यांची मला लहानपणापासून भीती. त्यामुळे पुढच्या वर्षी, नोव्हेंबरच्या पावसात, मुलाने पार्किंगमधल्या स्कूटरखालून एक भिजलेलं पिल्लू उचलून आणलं तेव्हा मी दारातच हात आडवे केले. "आई, फक्त आजची रात्र," तो म्हणाला. ती रात्र पुढे साडेबारा वर्षं चालली.

पिल्लू पांढरं होतं, म्हणून नाव ठेवलं मोत्या. शेजारच्या मामींनी अर्थ विचारला. (चेन्नईत वयाने मोठ्या शेजारणीला मामीच म्हणतात.) मी कानातल्या कुड्यांतले मोती दाखवले. त्या हसून म्हणाल्या, "ओ, मुत्तू!" तमिळमध्ये मोत्याला मुत्तू म्हणतात. आठ दिवसांत सगळी बिल्डिंग त्याला मुत्तू म्हणायला लागली आणि मी झाले 'मुत्तू अम्मा', म्हणजे मुत्तूची आई. वर्षभर ज्या बिल्डिंगमध्ये मला कोणी नावाने ओळखत नव्हतं, तिथे मला नाव मिळालं ते त्या चिमुरड्यामुळे.

भाषाही त्यानेच शिकवली. एकदा नव्या दूधवाल्याने दारातून घाबरत विचारलं, "नाय कडिक्कुमा?" मला त्यातलं 'नाय' तेवढं कळलं. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "नाय, नाय!" त्याने पिशव्या उंबऱ्यावर टाकून जिना गाठला. मागाहून मामींनी उलगडा केला. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. तो विचारत होता, कुत्रा चावतो का? आणि मी ओरडत होते, "कुत्रा, कुत्रा!" त्या दिवशी मामी आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

मोत्याला फिरवायला म्हणून मी पहाटे साडेपाचला बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर जाऊ लागले. 1930 साली बुडणाऱ्यांना वाचवताना प्राण गमावलेल्या कार्ल श्मिट नावाच्या डॅनिश खलाशाचं पांढरं स्मारक तिथे वाळूत उभं आहे. त्याच्या आसपास कुत्रेवाल्यांचा मेळावा भरे. तिथे माणसांची नावं कोणालाच ठाऊक नसत. कोणी 'ब्रूनोचे अप्पा', कोणी 'टायगरची आंटी'. त्या सगळ्यांत वडीलधारे होते राजपालयमवाले तात्ता. तात्ता म्हणजे आजोबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. त्यांच्याकडे राजपालयम जातीचा उंच, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा कुत्रा होता. तमिळनाडूतल्या राजपालयम गावावरूनच या जातीला नाव पडलं आहे. 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात एक राजपालयम होता. ते तिकीट तात्ता पाकिटात जपून ठेवत आणि नातवाचा फोटो दाखवावा तसं दाखवत.

त्यांच्याकडून मी कितीतरी गोष्टी शिकले. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला चटका बसला, तर कुत्र्याच्या पंजालाही बसणार. मे महिन्यात चेन्नईला 'कत्तिरी वेयिल' म्हणजे कडक उन्हाचे दिवस असतात. तेव्हा उजाडायच्या आत फिरून यायचं, नाहीतर रात्री उशिरा न्यायचं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. धापा फार वाढल्या, लाळ घट्ट झाली, तोल जाऊ लागला, तर सावलीत न्यायचं, अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. बर्फाळ प्रदेशातले केसाळ कुत्रे हौसेने आणून दिवसभर एसीत कोंडणाऱ्यांवर तात्तांचा भारी राग. "स्वेटर घालून मद्रासच्या उन्हात उभे राहा म्हणावं," असं ते म्हणत.

खाण्याचंही तसंच. तिकडे घरोघरी कुत्र्याला दहीभात घालायची पद्धत. मोत्याही तो मिटक्या मारत खाई. पण नुसत्या दहीभातावर कुत्र्याचं पोषण होत नाही, सोबत अंडं किंवा मांस हवं, हे मला तिथे कळलं. आमच्या शाकाहारी घरात त्यासाठी गच्चीवर वेगळी शेगडी आली! सांबार-भात मात्र कधीही घालायचा नाही. सांबारात छोटे कांदे असतात आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट हीसुद्धा त्याला विषासमान.

एवढं सगळं शिकले, आणि तरी चुकले. 2012 च्या पावसाळ्यात मी गोचिडांचं औषध लावायचं दोन महिने टाळलं. घरात पाहुणे होते, मुलाची परीक्षा होती. कडुनिंबाचं तेल चोळतेय तेवढं पुरे, अशी मी माझी समजूत घातली. चेन्नईच्या दमट हवेत गोचीड बारा महिने असते हे माहीत असूनही! एका सकाळी मोत्या उठलाच नाही. अंग तापलेलं, खाण्याला तोंड लावेना. मी आपली तापाची अर्धी गोळी शोधायला लागले. मामींनी तात्तांना फोन लावला आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, "माणसांची गोळी दिली नाहीत ना?" आपल्या घरातल्या साध्या पॅरासिटॅमॉलनेही कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. मी ती गोळी हातातच ठेवली होती. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तात्तांनी हिरड्या बघायला सांगितल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. दुपारी नाकातून रक्त आलं. आम्ही रिक्षातून वेपेरीला मद्रास व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. 1903 साली सुरू झालेलं हे जुनं कॉलेज. तिथल्या आवारात शेळ्या, गाई, मांजरं, कुत्री आणि त्यांच्याहून केविलवाणी त्यांची माणसं. रक्त तपासलं. गोचीडताप होता आणि रक्त इतकं कमी झालं होतं की बाहेरून द्यावं लागणार होतं.

कुत्र्यालाही रक्त देतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. देणारा कुत्रा तरुण, निरोगी, लसी दिलेला आणि साधारण पंचवीस किलोंच्या वरचा असावा लागतो. मी तात्तांना काही विचारायच्या आतच ते आपला राजपालयम घेऊन टॅक्सीतून उतरले. त्यांचा कुत्रा टेबलावर शांत पडून राहिला. तात्ता त्याच्या कानाशी पुटपुटत होते. मी बाजूला उभी राहून रडत होते. ते मला एवढंच म्हणाले, "मुत्तू अम्मा, आता रडू नका. पुढच्या महिन्यापासून कॅलेंडरवर खूण करा." तेव्हापासून आमच्या कॅलेंडरवर चतुर्थी-एकादशीच्या जोडीने गोचिडाच्या औषधाचा दिवसही लाल शाईने लिहिलेला असे. मोत्या महिनाभराने पुन्हा बीचवर धावला.

दिवस कसे गेले कळलं नाही. 2019 मध्ये ह्यांची पुन्हा पुण्याला बदली झाली. ज्या बातमीची मी दहा वर्षं वाट पाहिली होती, ती आली आणि माझ्या पोटात गोळा आला. मोत्या नऊ वर्षांचा होता. त्याचं काय करायचं?

वन्संचा फोन आला, "अगं, रस्त्यावरचं कुत्रं एवढ्या लांबून कशाला आणतेस? पुण्यात काय कुत्र्यांची वानवा आहे?" हेसुद्धा चाचरत म्हणाले, "तात्तांकडे ठेवला तर? त्याला तिथली हवा मानवते, बीच आहे." खोटं कशाला बोलू, मलाही तो विचार पटू लागला होता. पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, सासूबाई आजारी, नव्या सोसायटीत कोण काय म्हणेल याची धास्ती. शिवाय अशा बदल्यांच्या वेळी किती जण कुत्री मागे सोडून जातात, हे मी बघत होते. कुणी ओळखीच्यांकडे देतं, कुणी एखाद्या आश्रमाच्या फाटकाशी बांधून जातं. चेन्नईत कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी 1959 साली सुरू केलेली ब्लू क्रॉस ही संस्था आहे. अशा संस्था भटक्या, जखमी जनावरांसाठी आहेत. धडधाकट संसार असलेल्यांनी आपली जबाबदारी त्यांच्या दारात ठेवावी, यासाठी नाहीत.

मी भीत भीत तात्तांना विचारलं. ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठेवीन. तुमचा कुत्रा मला जड नाही. त्याच्या अंगात माझ्या कुत्र्याचं रक्त आहे. पण तो रोज पहाटे तुमच्या गेटपाशी जाऊन बसेल. तेव्हा मी त्याला काय सांगू, तेवढं मला शिकवून जा."

मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, "मोत्या आपल्याबरोबर येतोय."

रेल्वेचे नियमही तात्तांनीच समजावले. कुत्र्याला आपल्याजवळ न्यायचं तर पहिल्या वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन सबंध आपल्या नावावर लागते. नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत एकट्याने जावं लागतं. एसी टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये परवानगी नाही. लस टोचल्याचं कार्ड आणि डॉक्टरचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात त्याची पावती करायची. आणि कूपे मिळणार की नाही, हे चार्ट लागेपर्यंत पक्कं नसतं! हे आधीच पुढे गेले होते. चार्टवर कूपेसमोर माझं आणि मुलाचं नाव दिसलं तेव्हा मी स्टेशनवरच हात जोडले. गुंतकलला गाडी थांबली तसा मुलाने त्याला फलाटाच्या कडेला फिरवून आणलं. रात्रभर मोत्या माझ्या पायांशी झोपला.

पुण्याच्या सोसायटीत अपेक्षेप्रमाणे कुरबुर झालीच. पण सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेलं आहे. हे मंडळ 1962 साली 'कलाक्षेत्र'च्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि 2018 पर्यंत त्याचं मुख्य कार्यालय चेन्नईतच होतं. पण मी भांडले नाही. नियम सांगितला आणि आपली बाजूही सांभाळली. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, घाण झाली तर पिशवीत उचलायची, रेबीजची लस दरवर्षी टोचायची आणि महापालिकेचा परवाना काढायचा. ज्यांना भीती वाटते त्यांच्या भीतीला हसायचं नाही. मीही कधीकाळी त्यांच्यातलीच होते! सहा महिन्यांत कुरबुर थांबली.

मोत्या मात्र शेवटपर्यंत तमिळच राहिला. "ये" म्हटलं तर नुसते कान हलवी, "वा" म्हटलं की धावत येई. "बस" त्याला कळत नसे, "उक्कार" म्हटलं की बसे. सासूबाई आजारपणातही त्याला "उक्कार रे बाबा" म्हणत आणि आम्ही सगळे हसत असू.

कुत्रा घ्यायचा विचार करणाऱ्या मैत्रिणींना मी एकच सांगते. पिल्लू किती गोड आहे ते बघू नका. पुढची बारा-चौदा वर्षं डोळ्यांसमोर आणा. त्यात तुमची बदली येईल, मुलांच्या परीक्षा येतील, आजारपणं येतील. त्या सगळ्यात हा कुठे बसेल, याचं उत्तर आधी द्या आणि मगच त्याला घरात घ्या. आणि आपल्यासारखे चार कुत्रेवाले जोडून ठेवा. हे काम एकट्याने निभत नाही.

2023 च्या मे महिन्यात मोत्या झोपेतच गेला. पुण्याला आल्यापासून मामी दर रविवारी फोन करत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मुत्तू साप्टाना?" म्हणजे मुत्तू जेवला का? त्या रविवारी फोन वाजला तेव्हा मला बोलवेना. मुलाने त्यांना सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्यांनी मला फोनवर बोलावलं आणि हळूच विचारलं, "मुत्तू अम्मा, नी साप्टिया?" तू जेवलीस का?

अजूनही दर रविवारी त्या मला हेच विचारतात, आणि हाक अजून मुत्तू अम्मा अशीच मारतात.